अंगणातला धागा

फार मागची गोष्ट. एका देहात पेशीबाईचं घर होतं. तिच्या कुळाचा धागा, पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख गुंफलेला, माजघरात कुलपात असे. रोगही आपापला धागा घेऊन अंगणातूनच शिरत, पण रखवालदार राणबाला धाग्याधाग्यातला फरक कळत नव्हता. अंगणात धागा दिसला की तो रोगाचा समजायचा आणि बोंब मारायची, एवढंच त्याला शिकवलेलं. तेवढ्यावर त्यानं घर कितीदा वाचवलंही होतं.

एक दिवस माजघराची भिंत फुटली आणि कुळाचाच धागा अंगणात सांडला. राणबानं बोंब ठोकली.

"गप मेल्या, आपलाच आहे तो!" पेशीबाई ओरडली.

"आपला असता तर अंगणात कशाला आला असता, बाई?"

देहाचे शिपाई धावत आले. रोगी घर पाडायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी भिंती पाडल्या.

ढिगाऱ्यात उभा राहून राणबा म्हणाला, "बाई, रोग शिरू दिला नाही बघा."

ऐकायला बाई उरलीच नव्हती.