चौघांत एक रंग

एका गावात एक व्हिडिओवाला होता. गावाचं नाव न घेतलेलं बरं. तिथली माणसं लगेच भांडायला येतात. व्हिडिओवाल्याचं नाव मल्हारी रंगारी. त्याच्या वाडवडिलांनी लुगडी रंगवली, हा माणसं रंगवायचा. दुकानाच्या मागच्या भिंतीवर त्याने हिरवा पडदा टांगला होता. पडद्यापुढे नवरा-नवरीला उभं करायचं, मग संगणकावर पडद्याचा हिरवा तेवढा पुसायचा आणि त्या जागी हवं ते भरायचं. ज्यांनी जन्मात तालुक्याची वेस ओलांडली नव्हती, अशी जोडपी मल्हारीच्या कृपेने काश्मीरच्या बर्फात हसत उभी असत.

हे काम त्याला ज्या उस्तादाने शिकवलं, त्याने एक गोष्ट बजावून सांगितली होती. "चित्र म्हणजे शेवटी ठिपकेच. प्रत्येक ठिपक्याचा उजेड घे, तसा प्रत्येक ठिपक्याचा रंगही घे. कॅमेऱ्यात एक पळवाट असते. उजेड ज्याचा त्याला, रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. जागा वाचते, वेळ वाचतो, डोळ्याला कळतही नाही. पण हिरव्या पडद्यापुढे त्या वाटेला जाऊ नकोस."

"का बरं?" मल्हारीने विचारलं होतं.

"चौघांत मिळून एक धोतर असलं, तर बाकीच्या तिघांनी काय करायचं?" उस्ताद म्हणाला.

मल्हारीने हा नियम पुष्कळ वर्षं पाळला. मग एक वैशाख असा आला की मुहूर्तावर मुहूर्त. इनामदारांच्या लेकाचं लग्न त्याने ठिपक्याला ठिपका रंग देऊन टिपलं, आणि त्या एका लग्नाने डिस्क जवळजवळ भरून टाकली. दुसऱ्या दिवशी दारात सखाहरी कोष्टी आणि त्याची नवी नवरी येसू. सखाहरीच्या डोक्याला तांबडा फेटा, येसूच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा.

मल्हारीने डिस्ककडे बघितलं, जोडप्याकडे बघितलं आणि कॅमेऱ्याची कळ फिरवली. चौघांत एक.

आता चुड्याची बांगडी म्हणजे बारीक काच. पडद्यासारखीच हिरवी, पण अगदी तशी नव्हे. एवढासा फरक टिकायला ज्याचा रंग त्याच्यापाशी राहावा लागतो. इथे बांगडी, कातडी आणि पडदा यांचे ठिपके एकाच रंगावर भागवलेले. पडदा पुसला तसा चुडाही पुसला गेला. बर्फात येसू उभी होती, पंजे जागच्या जागी, कोपर जागच्या जागी, आणि मधे नुसता बर्फ.

मल्हारीला ते दिसलं. "कोण एवढं बघतंय," असं म्हणून त्याने काम देऊन टाकलं.

सखाहरीच्या आईने बघितलं. "का रे मल्हारी, आमच्या सुनेचा चुडा कुठाय?"

"थंडी केवढी असते तिकडे, काकू. काच गारठली की दिसत नाही."

घरातले सगळे हसले. येसू हसली नाही.

आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. पण येसूच्या बांगड्या फुटल्याही नाहीत आणि वाढवल्याही नाहीत. त्या तिच्या हातातच फिकट होत गेल्या. आधी कोवळ्या पानासारख्या, मग काकडीच्या पाण्यासारख्या, मग नुसती काच. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणतात ते बैलांचं. इथे वाणच लागला होता, आणि तोही बर्फाचा.

मग सखाहरीला हुडहुडी भरली. वैशाखाचं ऊन, पत्रे तापून कडकडत होते, आणि हा चार गोधड्यांखाली दात वाजवत पडलेला. बोलला की तोंडातून वाफ निघे. आईने त्याच्या मिशीवरून हात फिरवला तर बोटाला दव लागलं. वैद्याने नाडी धरली आणि हात झटकून म्हणाला, "हा गडी घरात नाहीये. कुठं गेलाय ते बघा."

कुठं गेलाय ते येसूला माहीत होतं. तिने व्हिडिओ पुन्हा लावला होता. पहिल्यांदा सखाहरी तिच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. आता तो एक पाऊल लांब होता. पुढच्या वेळी आणखी लांब, आणि पाठमोरा. नंतर तर तो डोंगराकडे चालत निघालेला दिसला. बर्फात त्याच्या पावलांचे ठसे होते. येसू मात्र जागच्या जागी, रिकाम्या मनगटांनी हसत उभी.

ही गोष्ट मल्हारीच्या कानावर आली. त्याने दुकानातली प्रत उघडली, तर तिच्यातही सखाहरी डोंगराकडे निघालेला. पण चूक कबूल करायची तर नाव जाणार. त्याने संगणकावर येसूच्या हातात वरून हिरव्या बांगड्या रंगवल्या आणि मनाशी म्हणाला, भागलं. व्हिडिओ चालू केला. येसूचा हात हलला, बांगड्या हलल्या नाहीत. त्या हवेत तशाच लोंबत राहिल्या, गोल गोल, कुणाच्याही नसल्यासारख्या. मागे सखाहरी डोंगराच्या पायथ्याला पोचला होता.

तेवढ्यात येसू दुकानात आली.

"मल्हारदादा, माझा चुडा द्या."

"हातातच आहे की तुझ्या."

"ही काच आहे. मी हिरवा मागतेय."

"मशीनची काहीतरी गडबड झाली बघ येसू. शहरात पाठवून—"

"मशीनला मी ओळखत नाही," येसू म्हणाली. "पडद्यापुढे तुम्ही उभं केलंत मला."

 मल्हारी हळूच म्हणाला, "तुझा रंग मी घेतलाच नाही, बाई. घेतला असता तर आत्ता काढून दिला असता. जे घेतलंच नाही ते देऊ कुठून?"

"मग आता घ्या."

आता घ्यायचा तर डिस्कवर जागा हवी. जागा होती इनामदारांच्या लग्नाखाली, आणि ते लग्न संध्याकाळी वाड्यावर दाखवायचं ठरलेलं. पाहुणे निघालेसुद्धा होते. इनामदारांनी मनात आणलं तर मल्हारीला गावात पाणी मिळालं नसतं. मल्हारीने संगणकावर बघितलं. डोंगराच्या उतारावर सखाहरी आता एका ठिपक्याएवढा उरला होता. आणि चौघांत एक रंग असला की एकट्या ठिपक्याला स्वतःचा रंग नसतो. शेजारचे तिघे बर्फाचे. तोही बर्फच होणार.

मल्हारीने इनामदारांचं लग्न पुसून टाकलं.

मग त्याने येसूला पडद्यापुढे उभं केलं आणि कॅमेऱ्याची कळ उलटी फिरवली. ठिपक्याला ठिपका रंग. कामाला वेळ लागला. यंत्र तापून धापा टाकत होतं. येसू पापणी न हलवता उभी होती. हळूहळू संगणकावर बर्फ उतरला आणि बर्फात येसू उतरली. मनगटापाशी एक हिरवी रेघ दिसली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. अख्खा चुडा कोपरापर्यंत भरला. येसूने आपल्या हाताकडे बघितलं. काचेत हिरवा परत आला होता.

"पण हे कुठं आहेत?" तिने विचारलं.

सगळीकडे पांढरं रान. मल्हारीने डोळे ताणले. अगदी वर, शिखराच्या कडेला, एक ठिपका होता. एकच, पण तांबडा. फेट्याचा.

येसूने हात उंच केला. त्या सगळ्या पांढऱ्यात हिरवं म्हणाल तर तेवढंच. तांबडा ठिपका थांबला. बराच वेळ थांबला. मग वळला, आणि मोठा होऊ लागला.

तिकडे घरी सखाहरीने गोधड्या लाथेने उडवल्या आणि म्हणाला, "आई, एवढं पांघरूण कुणी घातलं? उकडून मेलो की."

संध्याकाळी इनामदार दुकानात आले. डोळे लाल, मागे पाहुणे. "माझ्या पोराचं लग्न पुसलंस म्हणे, आणि तेही एका ठिपक्यासाठी?"

"होय, मालक," मल्हारी म्हणाला. "तो ठिपका येसूचा नवरा होता."

तात्पर्य: शेजाऱ्याच्या रंगावर चित्राचं भागतं, माणसाचं भागत नाही; ज्याचा वाटा त्याला पुरता द्यावा, मग तो ठिपक्याएवढा का असेना.