कवड्यांना काय विचारावे

एकदा एक वृद्ध सूत्रधार होते आणि, दैव म्हणा की पूर्वसंचित, त्यांना एक अत्यंत हुशार शिष्य लाभला होता. मंद शिष्य परवडतो. तो निदान झोपतो तरी. हा शिष्य नियम करीत असे.

सूत्रधारांचा खेळ तसा साधा. धर्मशाळेच्या ओट्यावर चार माणसे जमत. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे: कुणी पहारेकरी, कुणी नावाडी. समोर काय दिसते ते सूत्रधार सांगत, आपण काय करतो ते खेळणारे सांगत, आणि सगळ्यांच्या बोलण्यातून मिळून एक कथा उभी राही. एखादे काम तडीस जाईल की नाही अशी शंका आली, की कवड्या टाकायच्या. उताण्या अधिक पडल्या तर सिद्धी, पालथ्या अधिक पडल्या तर फजिती. एवढाच काय तो नियम.

शिष्याला एवढ्याने कुठले समाधान! कुणी जरा कुरकुर केली की तो नवा नियम बांधी. भिंत चढण्याचा नियम, ओली भिंत चढण्याचा नियम, ओल्या भिंतीवर जोडे घालून चढल्यास त्याचा पोटनियम. खेळणाऱ्यांना अगदी वीट आला होता. अशात सूत्रधारांचा घसा बसू लागला. खेळणाऱ्यांपैकीच एक वैद्य होते, त्यांनी बोलणे कमी करा म्हणून बजावले. आसन शिष्याकडे जाणार हे उघड झाले, तसे मंडळींनी स्पष्टच सांगितले, "हा बसणार असेल तर आम्ही येत नाही." अखेर असे ठरले, की बाजार उठल्यावर शिष्याने एक खेळ चालवून दाखवावा आणि मग मंडळींनी निर्णय द्यावा. त्या आसनाखेरीज शिष्याला आयुष्यात दुसरे काहीही नको होते.

ठरल्या दिवशी ओट्यावर वैद्य, एक व्यापारी आणि एक कासारीण येऊन बसले. सूत्रधार खांबाला टेकून ऐकत होते. शिष्याने सुरुवात तर झकास केली. नदीला पूर आला आहे, पैलतीरी तापाची साथ आहे, आणि औषधांची पेटी सूर्यास्तापूर्वी तिकडे पोचवायची आहे. कासारणीने नावाडिणीचे सोंग घेतले होते, वैद्य आणि व्यापारी पेटीबरोबरचे उतारू झाले होते.

"मी नाव सोडते," ती म्हणाली.

"थांबा. दोर भिजलेला आहे. गाठ सुटते का ते पाहावे लागेल. टाका कवड्या."

पडल्या पालथ्या.

"गाठ सुटली नाही."

"मग पुन्हा सोडते."

"टाका."

पुन्हा पालथ्या. आता व्यापारी सरसावला. "माझ्यापाशी तेल आहे. तेल लावलेल्या गाठीला एक कवडी जादा, तुमचाच नियम." शिष्य म्हणाला, तो नियम कोरड्या दोराचा. व्यापारी म्हणाला, असे आधी कुठे सांगितले होते? झाले! पैलतीरी माणसे तापाने फणफणत होती आणि ऐलतीरी हे दोघे नियमांचा कीस काढत बसले. वैद्य जांभया देऊ लागले.

"अरे बाबा," कासारीण कडाडली, "माझा सगळा जन्म नावेवर गेला, हे तूच मघाशी सांगितलंस ना? मग मला माझ्याच नावेची गाठ सुटेना होय? मी आपली चालले घरी." आणि तिने टोपली उचलली.

तेव्हा वृद्ध सूत्रधार उठले. पुढे येऊन त्यांनी सगळ्या कवड्या गोळा केल्या, मांडीखाली घातल्या आणि त्यांच्यावर बसले.

"गाठ सुटली. पुढे बोल."

"पण गुरुजी, नियम..."

"पुढे!" त्यांच्या बसलेल्या घशातून आवाज निघाला तो असा, की कासारीणही मुकाट्याने खाली बसली.

शिष्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला. चरफडतच त्याने नाव पाण्यात घातली. मध्यधारेला एक भोवरा होता. भोवऱ्यापलीकडे बुडत्या झाडावर एक बाई मूल घेऊन बसली होती. सरळ गेले तर पेटी नक्की पोचत होती.

"झाडाकडं वळवते," कासारीण म्हणाली.

"भोवऱ्यातून?"

"मग काय दुसरी वाट हाय तिथं?"

सूत्रधारांनी मांडीखालून कवड्या काढल्या आणि तिच्या ओंजळीत ठेवल्या. शिष्य घाबरला. रुसलेली बाई आत्ताच कुठे बसली होती. तो गोड आवाजात म्हणाला, "राहू द्या हो. समजा, पोचलात."

"समजा कसं?" कासारीण भडकली. "मी माणसं वाचवायला निघालेय आणि तू माझ्या हातावर खाऊ ठेवतोस?"

तिने कवड्या टाकल्या. सगळ्या पालथ्या.

"नाव उलटली," शिष्य कसाबसा म्हणाला. "पेटी पाण्यात पडली."

"मी उडी मारतो!" व्यापारी ओरडला. तेल आणि जादा कवडी विसरून तो अर्धा उभा राहिला होता. "झाडावरची बाई?" वैद्यांनी विचारले. "तिनं फांदी धरली आहे ना?"

दिवस मावळला तेव्हा सूत्रधारांनी खेळ तिथेच थांबवला. कुणाला तो थांबायला नको होता.

शिष्य हळूच म्हणाला, "गुरुजी, गाठीला कवड्या नकोत आणि भोवऱ्याला हव्यात, हा कुठला न्याय?"

"तुझ्यापायी किती घसा कोरडा करू रे?" सूत्रधार वैतागून म्हणाले. "गाठीवर पालथ्या पडल्या, काय घडलं? काही नाही. गाठ तिथंच, माणसं तिथंच, कथा तिथंच. ज्याच्या फजितीतून काहीच निपजत नाही, ते कवड्यांना विचारू नये, माणसाच्या शब्दावर सोडावं. भोवऱ्यात कसंही दान पडलं तरी कथा पुढं जाणार होती. तिथं विचारावं, आणि उत्तर आलं की निमूट मानावं. तू नेमकं उलटं करायला निघालास. का, तेही सांगतो. अन्याय केला असं कुणी म्हणू नये म्हणून गाठीला नियम, आणि बुडवलं असं कुणी म्हणू नये म्हणून भोवऱ्याला दया. सगळी धडपड स्वतःचा अंगरखा कोरडा ठेवण्याची. अरे, पुराच्या कथेत सगळे भिजणार आणि सूत्रधार तेवढा कोरडा कसा राहील?"

शिष्याने मान खाली घातली. त्याला प्रथमच कोणताही नियम सुचला नाही. निर्णय अजून व्हायचा होता. व्यापाऱ्याने वैद्यांकडे पाहिले, वैद्यांनी कासारणीकडे.

कासारणीने टोपली कमरेवर घेतली.

"गुरुजी, पुढच्या बाजारीबी यालाच बसवा," ती म्हणाली. "नाव माझ्या हातानं बुडालीय. आता पुढं काय झालं, ते मला याच्याच तोंडून ऐकायचंय."