बायजाक्का आणि डोहातला कुबडांचा साप

फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता आणि साप दिसायला साप असावाच लागत नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. हिरडगावच्या डोहावर बायजाक्का नाव चालवायची. तिच्या वल्ह्याच्या एका दणक्यात उतारू पलीकडे पोचायचे आणि त्यांचा श्वास मागाहून यायचा, असं म्हणतात.

तिच्या लेकीचं, तुळसाचं, लग्न ठरलं. वऱ्हाड पैलतीराला आलं. बायजाक्का नाव घेऊन आणायला गेली, तर सगळे काठावर खिळलेले. डोहात लांबलचक काळा साप वळवळत होता आणि त्याच्या पाठीवर कुबडं होती. कुणी सात सांगतं, कुणी अकरा. आपण नऊ धरू. वरबाप येसबा म्हणाले, डोहाचा राखणदार कोपलाय, ही सोयरीक त्याला मंजूर नाही, माघारी फिरा. सनईवाल्याची तर फुंकच आटली. इकडे लेक हळद लावून बसलेली आणि मुहूर्त जवळ आलेला.

बायजाक्कानं डोळे बारीक केले. कुबडं एकेक करून बुडत होती आणि भलत्याच ठिकाणी वर येत होती. तिनं नावेतल्या जाळ्यातून एक मासा काढला.

"व्याहीबुवा, साप येकच आसंल तर गुमान गिळंल. बगा आता."

मासा पडला आणि सापाचे तुकडे झाले. चपटी, मिशाळ डोकी वर आली. शिट्ट्या, चिवचिवाट, ओढाओढ. जिंकलेला गडी खडकावर चढला, जाड शेपूट टेकवून बसला आणि बदकासारख्या पडदेवाल्या पंजांत मासा धरून डोक्याकडून कुरकुर खाऊ लागला.

"पाणमांजरं हायती, रांगंनं पवत्यात. सोताशीच भांडणारा साप कुटं बगितलाय?"

चावली तर, असं येसबांनी हळूच विचारलं.

"ती मासं खात्यात. तुमी मासा हाय व्हय?"

वऱ्हाड हसत हसत नावेत बसलं. सनई काही वाजेना, तेव्हा पाणमांजरंच पुढं झाली आणि घाटापर्यंत शीळ घालत गेली, असं म्हणतात. मुहूर्त साधला.

आता तिथं पूल आहे. तरी प्रत्येक वऱ्हाड मधोमध थांबतं, वाजंत्री गप्प होतात आणि बायजाक्काच्या नावानं सगळे शीळ घालतात. एरवी बाईमाणसानं शीळ घातली तर गावभर चर्चा होते. त्या दिवशी सासवासुद्धा ओठांचा चंबू करतात. डोहातून उत्तर आलं की संसार सुखाचा होतो, असं म्हणतात. उत्तर नाही आलं, तर एकट्या वरबापाला पुलावर उभं करून पुन्हा शीळ घालायला लावतात, उत्तर येईपर्यंत.