आधी पाणी कोणी प्यायचे?

एका जंगलात एक साळू राहत असे. अंगभर काटे, पुढच्या पायांना सतत उकरायची सवय आणि स्वभाव असा की, दोन घटका एका जागी बसली तरी तिला काहीतरी चुकल्यासारखे वाटे. त्या जंगलातली नदी उन्हाळ्यात आटे आणि एकच डोह उरे. तिथे पाणी पिण्याचा नियम ठरलेला होता : आधी म्हातारे गवे, मग रानडुकरे, मग सांबरे आणि पिल्ले सगळ्यांत शेवटी. गवे डोहात उभे राहून पीत, रानडुकरे त्यातच लोळत. पिल्लांच्या वाट्याला शेणामुताचा चिखल येई. मुलांनो, याला तिथे मोठ्यांचा मान म्हणत!

एका चैत्रात पिल्लांना जुलाब सुरू झाले. आठवड्यात पाच पिल्ले गेली. मग साळूच्या शेजारणीचे, एका हरिणीचे एकुलते एक पाडस मान टाकून पडले. तेव्हा जांभळीखाली वडीलधाऱ्यांची सभा चालू होती. म्हातारा गवा रवंथ करत म्हणाला, "डोंगरापलीकडच्या अस्वल वैद्यांना निरोप धाडलाय. त्यांच्यासाठी गुहाही झाडून ठेवलीय, तोरण लावलंय."

"आजोबा, गुहा गेल्या उन्हाळ्यातही झाडली होती. तोरणसुद्धा लावलं होतं. वैद्यबुवा आले का?" साळूने विचारले.

"येतील गं. मोठ्यांना कामं असतात."

"पाडस तोवर थांबेल? निदान पिल्लांना आधी पाणी पिऊ द्या!"

"वीतभर पोर आणि नियम बदलायला निघाली!" रानडुक्कर फिसकारले. "आम्ही हेच पाणी पिऊन मोठे झालो."

"जे नाही झाले, ते सांगायला इथे बसलेले नाहीत, काका," साळू म्हणाली आणि सभेतून उठली.

डोहाच्या वरच्या अंगाला, कोरड्या पात्रात ती वाळू उकरू लागली. हरिणी धावत आली. "बाई गं, माझं लेकरू चाललंय आणि तू वाळू काय उकरतेस?"

"ताई, रडायला मागाहून वेळ आहे. खुरांनी ही वाळू मागे सार."

हरिणीने वाळू सारली. एक सशीण आली, मग दुसरी. दोन हात खोल गेल्यावर वाळू ओली लागली आणि खड्ड्याच्या तळाशी पाणी पाझरू लागले. थेंबथेंब, पण नितळ. अशा खड्ड्याला झिरा म्हणतात. एका वानरीने जुलाबावर गुणकारी असे अर्धकच्चे बेलफळ आपटून फोडले. पाडसाला थोडा गर आणि घोटघोट पाणी, असे दिवसभर चालले. मग आयांनी आपसांत पाळ्याच लावल्या : कोणी झिरा उपसायचा, कोणी पिल्लापिल्लाकडे फिरून यायचे. तिसऱ्या दिवशी पाडस लटपटत उभे राहिले आणि त्याने आईला ढुशी मारली.

चौथ्या दिवशी म्हातारा गवा आला. गुहेवरचे तोरण वाळून गेले होते, वैद्यांचा पत्ता नव्हता आणि गव्याच्या मागे त्याचे नातवंड खुरडत होते. सवयीप्रमाणे गवा थेट झिऱ्याकडे निघाला.

"आजोबा, इथे लहान आधी," साळू म्हणाली. "वासराला पुढे पाठवा."

गव्याच्या नाकपुड्या फुलल्या. एवढ्यात मागे वासराने गुडघे टेकले. गव्याने वळून पाहिले आणि पाऊल मागे घेतले.

"मग मी काय करू?" त्याने हळूच विचारले.

"इथे पहारा द्या. डुक्करकाका लोळायला आले तर त्यांना माझे काटे अडवणार नाहीत. तुमची शिंगं अडवतील."

म्हातारा गवा उन्हात उभा राहिला. त्या दिवशी तो पाणी प्यायला ते सगळ्यांच्या शेवटी, आणि पाणी तेव्हाही नितळच होते.

तात्पर्य : वैद्याला निरोप जरूर धाडावा, पण हात बांधून त्याची वाट पाहू नये, आणि चांगल्या पाण्याला पहिले तोंड सगळ्यांत लहानाचे लागावे.