तीन-पाचची पट्टी

एका राज्यात वीरकेतू नावाचा राजा होता आणि चित्रांगी नावाची राणी होती. काय ते दिवस होते! रोज तिन्हीसांजेला दोघे ठिपक्यांच्या हस्तिदंती पट्ट्या घेऊन बसत. तुम्ही आम्ही त्यांना डॉमिनो म्हणतो. एका पट्टीवर दोन घरे. सारख्या ठिपक्यांच्या घराला घर जुळवत माळ वाढवायची. राणीचे हसणे पार देवडीवर ऐकू जाई.

हे सुख भृंगनाथ मांत्रिकाला बघवले नाही. त्याने राणीला गायब केले. राजा तडक त्याच्या गुहेत गेला.

"या पट्ट्या घे," मांत्रिक म्हणाला. "एकट्याने तीन डाव लाव, राणी घेऊन जा. मात्र मांडलेला डाव मोडलास, तर दर वेळी तिची एक आठवण माझी."

राजाने पट्ट्या मोजल्या नाहीत. मोजणे म्हणजे देणाऱ्याला चोर म्हणणे, अशी त्या राज्याची रीत. आणि आमचा राजा रीतीचा पक्का!

चारी बाजूंना सारखे ठिपके येतील असा चौकोन त्याने जुळवला. एका रांगेत एक आकडा दोनदा दिसणार नाही असा झरोकाही जुळवला. तिसरा डाव सगळ्या पट्ट्यांच्या माळेचा होता, आणि तिची टोके एकमेकांना मिळायला हवी होती.

माळ झाली. एका टोकाला तीन, दुसऱ्याला पाच. राजाने ती मोडली. राणीच्या पैंजणांचा आवाज गेला. पुन्हा मांडली, पुन्हा तीन आणि पाच. मोडली, तिचे लटके रागावणे गेले. तिसऱ्यांदा तिचे हसणेच गेले, आणि राजा ढसाढसा रडला. चौथ्यांदा माळ लागली, तीच टोके घेऊन. राजाने हात उगारला.

"महाराज, मोडू नका," गुहेच्या दारातली साळुंकी म्हणाली. "माळ चुकलेली नाही. तिचे एक माणूस हरवले आहे."

राजाने दोन्ही टोके पाहिली, त्यांना जोडणारी पट्टीच दिलेली नाही हे ओळखले आणि तो उठून उभा राहिला.

"मांत्रिका, तीन-पाचची पट्टी दे!"

नाव घेताच मांत्रिकाची मूठ उघडली. पट्टी खाली पडली आणि तिच्या जागी राणी उभी राहिली. मांत्रिकाचा धूर झाला, आणि चोरलेल्या आठवणीही त्या धुरातच गेल्या.

राज्याची घडी पुन्हा बसली. तिन्हीसांजेला पट्ट्या मांडल्या गेल्या.

"चित्रांगी, तुझे हसणे मला आठवत नाही," राजा म्हणाला.

राणीने डाव जिंकला आणि ती हसली. ते पूर्वीचेच हसू होते की नवे, हे राजाला कधीच कळले नाही; पण त्या दिवसापासून तो मुद्दाम हरू लागला.