पोकळ तुरे

"मग चुकलं कुठं, महाराज?"

हिरापुरीनं गांजाचा तुरा पुढं केला. केवलपुरी महाराजांनी तो बोटांनी चाचपला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पाहायचं ते बोटांनीच. तुरा चांगला वीतभर होता, पण दाबला की मुठीत नुसती हवा.

"नर झाडं काढलीस?"

"एकही ठेवलं नाही."

"खत?"

"बेतानं. पाणीसुद्धा दसऱ्यापासून तोडत आणलंय."

"हं..."

त्या काळी परवाना काढून गांजा लावता येई. तापीकाठच्या त्या मठाचा दोन गुंठ्यांचा तुकडा महादेवाच्या पूजेसाठी राखलेला होता. यंदा महाराज चातुर्मासात नर्मदेकाठी राहिले आणि तुकडा पहिल्यांदाच एकट्या हिरापुरीच्या हाती आला. आता आपल्याला शिकायचं काही उरलेलं नाही, असं त्याला मनातून वाटत होतं. कार्तिक उजाडला, तुरे भरायची वेळ आली, आणि ते भरेचनात. महाराज परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याला हे विचारावं लागत होतं.

"चल, शेतात ने."

हिरापुरीनं हात धरून त्यांना उत्तरेच्या बांधावर नेलं. पहिल्याच ओळीतला तुरा महाराजांनी चिमटीत धरला.

"हा तर घट्ट आहे."

हिरापुरी चपापला. खरंच घट्ट होता. या टोकाला तो महिनाभर फिरकलाच नव्हता.

महाराज एकेक ओळ चाचपत दक्षिणेकडं निघाले. चौथ्या ओळीत तुरा सैल लागला. सहाव्या ओळीत पोकळ. आठव्या ओळीशी ते थांबले आणि त्यांनी तोंड वर केलं.

"ऊन कुठं गेलं?"

हिरापुरी पायाखालच्या मातीकडं पाहू लागला.

"ढग आलेत का?"

"नाही, महाराज..."

महाराजांनी हात पुढं केला. हाताला गुळगुळीत सागवानी खांब लागला. त्यामागं दगडी भिंत. वर कौलारू छप्पर.

"हे काय आहे?"

"मंडप. त्रिपुरी पौर्णिमेला आपल्याला दाखवणार होतो." हिरापुरीचा आवाज उत्साहानं चढला. "पावसाळाभर खपत होतो, महाराज. पाथरवटाच्या हाताखाली स्वतः दगड उचलले. आतमध्ये चौथरा आहे."

महाराज आत गेले. चौथऱ्यावर उभा केलेला दगड त्यांच्या हाताला लागला. त्यावरच्या अक्षरांतून त्यांचं बोट सावकाश फिरलं. के... व... ल...

बोट थांबलं.

"समाधी?"

"आपलीच, महाराज. पुढची तयारी म्हणून..."

महाराजांनी दगडावरचा हात काढून घेतला.

"मी चार महिने नव्हतो," ते हळूच म्हणाले. "तू माझी वाट पाहत होतास... की माझ्या मरणाची?"

हिरापुरीनं पुढं होऊन त्यांचे पाय धरले.

"पहार आण."

"महाराज!"

"आण म्हटलं ना."

त्यानं पहार आणली ती आपल्याच हातात राहील, या भरवशावर. पण ऐंशीच्या घरातल्या त्या म्हाताऱ्यानं ती हिसकावून घेतली आणि समोरच्या खांबाच्या बुडाशी हाणली. कौलं खडखडली. दोनचार निसटून फुटली. हिरापुरी पांढराफटक पडला. ज्या हातांनी त्याला दीक्षा दिली, तेच हात स्वतःची समाधी फोडत होते.

तिसऱ्या घावाला महाराजांना धाप लागली. पहार त्यांच्या हातून गळाली.

हिरापुरीनं ती उचलली. मग तो छपरावर चढला.

दिवस कलायच्या आत कौलं उतरली, वासे उतरले, भिंत कमरेपर्यंत आली. आठव्या ओळीवर तिरपं ऊन पडलं. महाराज त्या ओळीत मांडी घालून बसले होते. हिरापुरीचे हात सोलवटले होते, डोळे वाहत होते. ते त्याला पुसावेसेही वाटत नव्हते.

शेवटी उरला तो नाव कोरलेला दगड. तो कवेत घेऊन हिरापुरी समोर आला.

"हा कुठं ठेवू, महाराज?"

"पाटाच्या तोंडाशी. तिथं चिखल होतो."

"तिथं लोक पाय देतील..." त्यानं दगड आणखी जवळ घेतला. "निदान पालथा घालतो. नाव खाली."

"नाव वरच असू दे," महाराज म्हणाले. "खोल कोरलंयस ना? ओल्या पायाला पकड मिळेल."