मुरार भोयाची वात

शके अठराशे सेहेचाळीस, श्रावणातली अमावास्या. नदी दोन्ही काठ गिळून चालली होती. तेव्हा आमच्या धोंडवणीत अनसाबाईच्या सुनेला, चंद्राला, मुलगा झाला. ओठ मधोमध चिरलेला, टाळूला भोक. त्याला अंगावर पिता येईना. पाजलेलं दूध नाकातून बाहेर येई.

गाव म्हणालं, ग्रहणात हिनं विळी धरली. रीत अशी होती की ग्रहणाचं पोर नदीपार न्यायचं नाही, नदी कोपते. आणि ओठ शिवणारा डॉक्टर नदीपलीकडे. नवरा आईपुढं तोंड उघडेना. पोर सुकत चाललं.

पुरात मुरार भोई भोपळ्यांच्या सांगडीवरून माणसं उतरवी. त्याचाही ओठ जन्माचा फाटका. त्याला वेळेत कुणी नेलंच नव्हतं. बोलणं सगळं नाकातून, कुणाला कळत नसे. तो दारात येऊन उभा राहिला.

"कशाला आलास रे गेंगाण्या?" अनसाबाई म्हणाली. "फाटक्याला फाटकं दिसलं वाटतं!"

"वैनी, मी असाच जन्मलो. तुमच्या सासूनं कापसाच्या वातीनं दूध पाजून मला जगवलं. ती वात फेडायची राहिलीय."

त्या दिवशी त्याचा शब्द न् शब्द साऱ्या आळीला कळला, असं म्हणतात.

"आणि नदी कोपली तर?"

"माझ्यावर कोपू दे. चल चंद्रा."

चंद्रा उठली. अनसाबाई आडवी आली नाही.

सांगड पाण्यात गेली. असं म्हणतात, पूर पुढं दुभंगत गेला आणि मागं टाका घातल्यासारखा मिटत गेला. पोरावर एक थेंब उडाला नाही.

डॉक्टर म्हणाला, "फार अशक्त आहे. अंग धरू दे, मग शिवतो."

घरी परतली तर गाव पुन्हा सोडणार नाही, हे चंद्रा जाणून होती. ती पलीकडेच मुरारच्या खोपटात राहिली. मुरार बाहेर सांगडीवर निजे. ती वाटीत दूध काढी, तो वाती वळी. मार्गशीर्षात ओठ शिवला. टाळू पुढच्या वर्षी.

मग मुरारनं मायलेकांना घरी आणलं, तेव्हा अनसाबाईनं तो ओठ बोटानं चाचपून पाहिला. मग तिनं मुरारच्या पायाला हात लावला. भोयाच्या पायाला! गावानं पाहिलं.

आजही ग्रहणात आमच्या घाटावर नाव बांधून ठेवत नाहीत. असं फाटक्या ओठाचं पोर जन्मलं की नावाडी बोलावण्याची वाट पाहत नाही. कापसाची वात घेऊन तो स्वतः दारात येतो. आई विचारते, "बाबा, हे उपकार कसे फेडू?"

तो म्हणतो, "फिटले."